न दिसणारी कल्हई

चाचा फिल्म लावताना डोळे मिटून घ्यायचे. बॉनेटवर पाणी फवारलेलं, त्यावर काचेसारखी फिल्म अंथरलेली, आणि हा साठीतला माणूस दोन्ही तळवे तिच्यावर टेकवून, मान किंचित डावीकडे कलती करून उभा. एक मिनिट, कधी दोन. मग हात आपणहून निघायचे. मधून कडेकडे, सावकाश. रबरी पट्टीच्या पुढे पुढे पाणी सरकत जायचं, बंपरवरून खाली ठिबकायचं, आणि त्या बंद खोलीत तेवढाच आवाज असायचा. दाराच्या काचेला नाक लावून बघणारे गाड्यांचे मालक एकमेकांना खुणावायचे. “ध्यान लागतं म्हाताऱ्याला,” म्हणायचे. जालन्यात पुढे फिल्म लावणारी आणखी दुकानं निघाली, पण डोळे मिटून लावणारा माणूस एकच होता.

नव्या गाडीच्या रंगावर ओरखडे पडू नयेत, खडी उडून टवके निघू नयेत म्हणून ही फिल्म लावतात. पारदर्शक असते, जाडसर, ओढली की ताणते. नीट लागली तर गाडीवर काही आहे हे कुणाला कळतही नाही. चाचांचे वडील जुन्या जालन्यात भांड्यांना कल्हई करायचे. “बाप भांड्याला करायचा, मी गाडीला करून राह्यलो,” चाचा म्हणायचे. “फरक इतकाच, बापाची कल्हई चमकली की लोक खूश. माझी दिसली की माझं काम खराब.”

मी परतूर तालुक्यातल्या आष्टीची. आमच्या घरी पिढ्यान्पिढ्या मेंढरं. मी परतूरला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि चाचांना फिल्म कापायचं यंत्र चालवायला माणूस हवा आहे असं कळलं, म्हणून एका सकाळी रेल्वेनं जालन्याला गेले. मुलाखत अशी काही झालीच नाही. त्यांनी माझं सर्टिफिकेट हातात घेतलं. वाचलं नाही. त्यावरून नुसती बोटं फिरवली, आणि चिमटीत काहीतरी धरून माझ्यासमोर केलं. लोकरीचा एक केस होता.

“घरी मेंढ्या हायेत?”

“हो.”

“किती?”

“साठेक.”

“मंग रोज साठ मेंढ्या तुझ्यासोबत रेल्वेनं येणार,” ते म्हणाले. मला वाटलं, गेली नोकरी. पण त्यांनी आतून एक पांढरा सुती कोट आणून दिला. हा घरी न्यायचा नाही. इथेच धुवायचा, इथेच वाळवायचा. वेणी टोपीत. स्वेटर, शाल, मफलर दाराबाहेरच्या खुंटीला. “लोकर आत बिलकुल नको, बेटा. बाकी तू कशीबी ये.”

फिल्मखाली धुळीचा एक कण जरी अडकला, तरी तो तिथेच राहतो आणि उन्हात बारीक फोडासारखा दिसतो. आणि चाचांनी दुकान काढलं होतं ते जालन्यात, जिथे लोखंडाच्या कारखान्यांकडून वारा आला की दोरीवरच्या कपड्यांवर काळी पूड बसते. त्यामुळे त्यांचं सगळं आयुष्य म्हणजे धुळीशी चाललेलं एक मुकं भांडण होतं. फरशी सतत ओली. दाराला ओलं गोणपाट. ऐन वैशाखातसुद्धा पंखा बंद. कामाच्या आधी ते अंघोळ करून यायचे आणि दाढीला ओला रुमाल बांधायचे. फिल्म उघडी असताना मोठ्यानं बोलायचं नाही, कारण बोलण्यानं हवा हलते. त्यामुळे माझं तिथलं पहिलं वर्ष मला अजून कुजबुजीतच आठवतं. ओल्या फरशीवर उतरलेला उजेड, फवाऱ्याच्या पाण्यातल्या शाम्पूचा वास, आणि पाण्याखालून बोलल्यासारखा चाचांचा आवाज. संध्याकाळी परतूरच्या गाडीत बसल्यावर माणसं इतकी का ओरडतात असं मला वाटायचं.

गाडी न्यायला आलेला माणूस फिल्मखालचे पाण्याचे बुडबुडे बघून हटकून घाबरायचा. चाचा त्याला समजावायचे, “हे पाणी पाहुणं हाय. चार दिवस राहील, उन्हं लागली की आपणहून जाईल. धूळ म्हणजे किराएदार. एकदा घुसला की निघत न्हाई. मी किराएदार ठेवत न्हाई.”

आणखी एक सवय. गाडी आली की ते मालकाला विचारायचे, “ह्या रंगाला काय म्हणायचं?” आणि मालक खुलायचा. कुणी म्हणायचा जांभळाच्या बीचा, कुणी ओल्या राखेचा. एकानं “माझ्या बायकोला विचारून सांगतो” म्हणून तिथूनच फोन लावला होता. चाचा मान डोलवत ऐकायचे. गिऱ्हाइकाला खूश करायची ही त्यांची रीत, असं मी समजत होते.

एकदा माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मेंढरांचं औषध न्यायला जालन्याला आले आणि पोरगी कुठे काम करते ते बघायला दुकानावर आले. खांद्यावर घोंगडी. मी चाचांना बाहेर बोलावलं तर त्यांनी दारातच दोन्ही हात वर केले.

“भाऊ, तुम्ही या. खुशाल या. पण ती घोंगडी…”

“ही न्हाई सुटत,” आबा म्हणाले. “हिच्याबिगर मला कुठं गेल्यासारखंच वाटत न्हाई.”

मग चाचा स्वतः बाहेर आले, पायऱ्या उतरून लिंबाखाली आबांच्या शेजारी बसले. मी चहा आणला. आत एक राखाडी गाडी धुऊनपुसून सकाळपासून तयार होती आणि बाहेर कारखान्यांकडचा वारा गिरक्या घेत होता. चाचा वैतागले होते. “ह्या हवेत दार उघडलं की खतम. कवाचा थांबून राह्यलो.”

आबांनी तोंड वळवलं, डोळे बारीक केले, एकदा हुंगलं. “दमानं चहा प्या. सावली त्या खांबाला टेकली की वारा पडंल.”

“पक्कं?”

“मेंढरांना बराबर कळतं. त्यांच्या मागं हिंडून हिंडून मलाबी कळाया लागलं.”

सावली खांबाला टेकली, आणि लिंबाची पानं लटकती राहिली. चाचा उठले आणि आत गेले. त्या दिवसाची फिल्म अशी लागली की मालक दोनदा बोटानं चाचपून गेला.

तेव्हापासून मोठं काम असलं की चाचा आबांना फोन करायचे. आबा कुठेतरी माळावर. “भाऊ, आज कसं?” “आज नका. उद्या सकाळच्या पारी धरा.” आष्टी कुठे, जालना कुठे, पण चाचा ते मानायचे. अंदाज चुकला तर म्हणायचे, “तुझ्या बापाचं बराबर होतं, जालन्याचा वाराच बेइमान.”

पण त्या पहिल्या भेटीच्या संध्याकाळी आबा जेवता जेवता म्हणाले, “तुझ्या चाचाला दिसत न्हाई.”

मी हसले. “आबा, ते केसभर धूळ ओळखतात.”

“हातानं वळखत असंल. आपला म्हातारा मेंढा ध्यानात हाय का? पाण्यावर गेला की आधी पाय घालायचा, मंग तोंड. तुझा चाचा पायरी तशीच उतरला.”

मला राग आला. इतक्या मोठ्या कारागिराला मेंढ्याच्या रांगेत बसवलं म्हणून. पण दुसऱ्या दिवशी मी बघू लागले आणि मग मला बघणं थांबवता येईना. चहाचा कप ते आधी बोटाच्या पाठीनं शोधत. भिंतीच्या कडेनंच चालत. यंत्रावर कापलेल्या तुकड्यांवर मी नावं लिहीत असे, ती त्यांनी कधी वाचली नव्हती, तुकडा हातात फिरवून ते त्याचा आकार ओळखत. माझं सर्टिफिकेट आठवलं. रंगाची चौकशी आठवली. पूर्वी हेच चाचा सगळी फिल्म हातानं कापायचे, यंत्राची त्यांना गरज नव्हती, हेही कुणीतरी सांगितलेलं आठवलं. म्हणजे मला नोकरी कशामुळे मिळाली होती तेही कळलं.

मी काही बोलले नाही. दाराच्या कडा, बंपरच्या खाचा अजून हातानंच कापाव्या लागायच्या, आणि फिल्मची कड चाचा नखभर जास्तच आत मुडपायचे. चाचा कटर घेऊन वाकले की मी श्वास धरायचे. एवढंच मी करत होते.

पावसाळा सरल्यावर एक बाई गाडी घेऊन आल्या. मुख्याध्यापिका म्हणून नुकत्याच निवृत्त झालेल्या, निवृत्तीनंतर गाडी शिकलेल्या, आणि आयुष्यातली पहिली गाडी. गडद निळी. चाचांनी नेहमीसारखं रंगाचं विचारलं. बाई म्हणाल्या, “शाईचा. मी निळ्याच शाईनं लिहिते, लाल मला आवडायची नाही. पोरं घाबरतात.” चाचांना ते उत्तर फार आवडलं. दिवसभर मधूनच ते “शाईचा” असं पुटपुटत होते.

बाई बाहेर खुर्ची टाकून वाचत बसल्या होत्या. दुपार उतरणीला लागलेली. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा तेवढा राहिला होता. फिल्म बसली, पाणी निघालं, आणि चाचा कडेनं जास्तीची फिल्म कापू लागले. मी दिवा धरून उभी होते. कटर एका जागी थबकलं, मग थोडं पुढे गेलं, आणि एक आवाज आला. फिल्म कापल्याचा आवाज मऊ असतो. हा करकरीत होता.

बोटभर लांबीचा पांढरा ओरखडा, थेट रंगात.

चाचा तसेच वाकलेले. मग अगदी हळू म्हणाले, “रंगाला लागलं?”

पहिल्यांदाच ते मला काही बघायला सांगत होते. फिल्म खाली दाबून कड आत मुडपली असती तर ओरखडा झाकला गेला असता. बाईंना तो वर्षानुवर्षं दिसला नसता. चाचांचं नाव राहिलं असतं, माझी नोकरी राहिली असती. हे सगळं मी त्या एका क्षणात खरंच मोजलं, की नुसतीच घाबरले होते, मला आज सांगता येणार नाही.

“न्हाई, चाचा,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. बुबुळावर दुधाळ छाया होती, ती मला इतक्या जवळून तेव्हाच दिसली. “बेटा,” ते म्हणाले, “इतक्या मोठ्यानं तू इथं कधीच बोलली न्हाई.”

मग त्यांनी दरवाजाची सगळी फिल्म ओढून काढली. चांगली लागलेली, एकही कण नसलेली फिल्म. उघड्या रंगावरून नख फिरवलं, नख अडकलं. दाढीचा रुमाल सोडला, गोणपाट बाजूला सारलं आणि बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

“तुमच्या गाडीला कटर लागलं. माझ्या हातून. मला दिसत न्हाई. दोन वर्षं झाली, धुरकट दिसतं. मी कोणाला सांगितलं न्हाई.”

बाईंनी पुस्तक मिटलं. आत येऊन ओरखडा बघितला. त्यावरून बोट फिरवलं. मला वाटत होतं की एकदाच्या ओरडल्या तर बरं.

“दिसत नाही, आणि तुम्ही धारदार हत्यार धरता?” त्या म्हणाल्या. “माझी सोडा. लोक विश्वासानं गाड्या सोडून जातात. आणि ह्या मुलीला माहीत होतं?”

“होतं,” मी म्हणाले.

“आणि तू गप्प बसलीस.” ते त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज शाळेतला होता. मी रडले.

चाचा म्हणाले, “तिला काही बोलू नका. भीती माझी हाय, ती माझ्यासाठी गप्प राह्यली.”

“कसली भीती? मोतीबिंदूच आहे ना? लोक दुपारी ऑपरेशन करून संध्याकाळी घरी जातात.”

“डोळे मिटून जे कळतं ना बाई, ते डोळे आल्यावर जाईल असं वाटतं. नजर कमी झाली तसा हात वाढत गेला. आता हाताशिवाय माझ्याकडं काही न्हाई.” मग किंचित हसले. “डोळ्यावर पण फिल्मच चढलीय म्हणा. कोणीतरी लई गचाळ लावलीय.”

बाई हसल्या नाहीत. पण खुर्चीवर बसल्या. “दरवाजा असाच राहू द्या,” त्या म्हणाल्या. “तुम्ही डोळे करून या. ओरखडा भरून घ्या आणि मग लावा. तोवर मी अशीच फिरेन.”

ऑपरेशनला बाईच त्यांना घेऊन गेल्या, त्याच गाडीतून. बाईंची गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नसे आणि वळणावर त्या मोठ्यानं स्वतःलाच सूचना द्यायच्या. मागच्या सीटवर मी, पुढे चाचा पट्टा घट्ट धरून. ते नंतर म्हणाले, ऑपरेशनची भीती रस्त्यातच संपली होती.

पट्टी सुटल्यावर ते काळा चष्मा लावून दुकानात आले. आधी माझ्याकडे बघत राहिले. “तू एवढीशी हायेस? मी समजत होतो, तीस-पस्तीसची बाई हाय. आवाजावरून.” मग भिंतीकडे बघून, “ही पिस्त्याच्या रंगाची कवा झाली? रंगाऱ्याला पांढरी सांगितली होती!”

पहिले काही दिवस असे मजेत गेले. मग ते चौकात जाऊन बसू लागले. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांमध्ये आपण लावलेल्या गाड्या शोधायचे, आणि बहुतेकांवर काही ना काही सापडायचं. एखादा कण, एखादा केस, आधी कधीही न दिसलेला. पेट्रोल पंपावर एका माणसाला त्यांनी अडवलं. “तुमच्या बॉनेटवर माझी चूक हाय. घेऊन या.” तो म्हणाला, “चाचा, मला तर आजपर्यंत दिसली नाही.” “मला दिसली ना,” चाचा म्हणाले. ते त्या दिवसांत जेवायचे नाहीत नीट. आपल्या न दिसण्याला लोकांनी ध्यान म्हटलं आणि आपण ते ऐकून घेतलं, याचं त्यांना सर्वांत जास्त लागलं होतं.

आणि त्यांची भीती खरी ठरली. उघड्या डोळ्यांनी हात चालेना. डोळे मिटले तर आता मिटलेलेच राहत नव्हते. एकदा फिल्म अर्धी अंथरून त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. “डोळे माझे, हात तुझे. कर.”

बाईंनी दरवाजाचा ओरखडा भरून आणला आणि त्यावरची फिल्म मी लावली. पहिल्यांदा कण राहिला, चाचांनी फिल्म काढायला लावली. दुसऱ्यांदा मला काही दिसत नव्हतं, त्यांना दिसलं. पुन्हा काढली. तिसऱ्यांदा ते दिवा घेऊन कितीतरी वेळ वाकून बघत होते. मग म्हणाले, “हं.” त्यापुढे काही नाही. घरी जाताना रेल्वेत मी खिडकीशी बसून ते “हं” परत परत ऐकत होते.

त्या हिवाळ्यात ते एकदा आष्टीला आले. मेंढरं बघायची म्हणाले. आबांनी माळावर घोंगडी अंथरली आणि चाचा तीवर बसले, बिनतक्रार. सकाळचं कोवळं ऊन, कळप समोरून हळूहळू उतरत होता. “भाऊ,” ते बऱ्याच वेळानं म्हणाले, “पांढऱ्यात एवढे रंग असतात?” आबांना हा प्रश्न इतका आवडला की ते एकेक मेंढी दाखवत सांगत सुटले. ही तांदळासारखी, ही चुन्यासारखी, ही दह्यासारखी. जेवायची वेळ टळून गेली तरी दोघं उठले नाहीत.

पुढे दुकान त्यांच्या पुतण्यानं घेतलं, चाचा लेकीकडे परभणीला राहायला गेले. मी परतूरला माझं लहानसं दुकान टाकलं. गेल्या वर्षी चाचा वारले. झोपेतच गेले, असं त्यांच्या लेकीनं फोनवर सांगितलं. मी जाऊन आले. आबाही आले होते, घोंगडी न घेता.

या उन्हाळ्यात माझ्याकडे एक पांढरी गाडी आली. मालकानं ती जालन्यात कुणाकडून जुनी घेतलेली. वरची फिल्म पिवळी पडली होती, काढून नवी लावायची म्हणाला. मी वाफ दिली, कोपरा उचलला, आणि कडा बघून थांबले. कुणीही लावतं त्यापेक्षा नखभर जास्त आत मुडपलेल्या. असं मुडपणारा हात मला एकच माहीत होता.

मी अगदी सावकाश ओढत गेले. फिल्म कुठे फाटली नाही. बॉनेटभर एकच तुकडा, पिवळट, कडक, माझ्या हातावर उतरत आला आणि त्याच्याखालून रंग निघत गेला. कारखान्यातून आला त्या दिवशीचा. एवढ्या वर्षांची ऊनधूळ, खडी, रस्ते, कशालाच तो भेटला नव्हता.

मालक पुढे झाला. “ताई, रंग दिला का काय?”

“न्हाई. हाच होता आत.”

“मग लगेच नवी लावून टाका. खराब व्हायच्या आत.”

“उद्या लावते,” मी म्हणाले. “आजच्या दिवस उघडी राहू द्या.”

तो रिक्षा बघायला निघून गेला. मी गाडी लोटत अंगणात घेतली. दुपार उलटून गेली तरी ती तिथेच होती, आणि मी पायरीवर बसून तिच्याकडे बघत होते.